न उघडलेले अहवाल

पंप क्रमांक १८७ सकाळी सात वाजताच चौतीस अंशांवर होता. मी सातपूरच्या कारखान्यात पडद्यासमोर बसून त्याच्याकडे बघत होते आणि बघण्यापलीकडे मला काहीही करता येत नव्हतं.

आम्ही तांबट. पणजोबा नाशिकच्या तांबट आळीत हंडे-कळशा ठोकायचे, अण्णा, म्हणजे माझे वडील, इन्सुलिनचे पंप बनवतात. काडेपेटीएवढं यंत्र असतं. कमरेला अडकवायचं, बारीक नळी पोटाच्या कातडीखाली, आणि मधुमेहाच्या माणसाला दिवसभर थेंबथेंब इन्सुलिन मिळत राहतं. पंप दर पाच मिनिटांनी आपलं तापमान आणि टाकीतला साठा आमच्याकडे कळवतो. आम्ही मात्र त्याला काही कळवू शकत नाही. काही वर्षांपूर्वी दुरून पंप हाताळून माणसं मारल्याचे प्रकार झाले, तेव्हापासून उत्पादकाने पंपाला हुकूम द्यायचा नाही असा कायदाच आहे. पंप कुणाच्या कमरेला आहे हे आमच्या वहीत असतं, तो माणूस या क्षणी कुठे आहे हे नसतं. काही सांगायचं झालं तर त्याला आणि त्याच्या डॉक्टरला पत्र लिहायचं, कारखान्याच्या अधिकृत पत्त्यावरून, ईमेलने.

आणि सांगायचं होतं. मार्चमध्ये आलेल्या रबरी वायसरच्या एका खेपेत खोट निघाली होती. बेचाळीस अंशांच्या वर तो वायसर मऊ पडतो आणि पंपातून जास्तीचं इन्सुलिन झिरपायला लागतं. साखर एकदम खाली येते. घाम, भ्रम, मग शुद्ध हरपते, आणि वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही तर माणूस जातो. असे दोनशे बारा पंप लोकांच्या कमरेला होते आणि मे महिना चालू होता.

तपासणी विभाग माझा. खोट मीच शोधली, सोमवारी पत्रंही मीच पाठवली. दोनशे बारापैकी दोनशे बारा 'पोचली' असं पडद्यावर आलं तेव्हा मी चहा मागवला होता. आता बुधवार उजाडला होता आणि एकही उत्तर नव्हतं. दोनशे बारा माणसांपैकी एकाने तरी शिवी द्यायला नको का? 

त्यातले चाळीस पंप कॉलेज रोडच्या डॉ. गायधनींच्या रुग्णांचे. त्यांना फोन लावला तर त्यांच्या दरवानाने घेतला. दरवान म्हणजे काय ते आता सांगायला नको, प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि टपालात बसलेलं ते यंत्र. खोटे आवाज आणि खोटी पत्रं इतकी बोकाळली की आपल्या वतीने तेच सगळं वाचतं, ऐकतं आणि ठरवतं. "आपला निरोप नोंदवला आहे," दरवान गोड आवाजात म्हणाला. मी स्कूटर काढली आणि थेट दवाखाना गाठला.

"पत्र? मला नाही आलं बुवा," गायधनी म्हणाले. सत्तरीचे गृहस्थ, मला लहानपणापासून ओळखतात. "थांब, ह्याला विचारू. काय रे, तांबटांचं काही अडवलंयस का?"

दरवानाने कचरापेटी उघडून दाखवली. मार्चपासून तांबट.भारत या पत्त्यावरून आलेली वीस पत्रं. 'तातडीचे: आपला पंप सदोष आहे. ताबडतोब काढून टाका. बदली पंपासाठी खाली दाबा.' वर आमचं बोधचिन्ह, तळाला अण्णांची सही. त्यातलं विसावं माझं होतं. खरं सांगते, आधीच्या एकोणीस पत्रांचं मराठी माझ्यापेक्षा बरं होतं.

"सुमेधा, ही तुमची नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेवटचं तेवढं आमचं."

"मग ह्या गाढवाने बाकीची अडवली हे बरोबर केलं, आणि तुझं अडवलं हेही त्याच्या मते बरोबरच." त्यांनी चष्मा काढला. "माझ्या चाळीस जणांकडे मी बघतो. दारोदार माणूस पाठवतो. पण बाकीच्यांचं काय करणार?"

आता थोडं शास्त्र सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. ईमेलवर पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, लिफाफ्यावर मागे कुणाचाही पत्ता लिहावा तसं. म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या नावाखाली तीन गोष्टी जाहीर करून ठेवते. पहिली म्हणजे यादी: आमच्या नावाने पत्रं पाठवायची मुभा अमुक अमुक यंत्रांनाच आहे. दुसरी मोहोर, म्हणजे वाटेत मजकूर कुणी बदलला तर ती जुळत नाही. आणि तिसरी सूचना, की या तपासण्यांत न बसणारं पत्र आलं तर त्याचं काय करायचं, आणि आमच्या नावाने कुठून कुठून पत्रं आली याचा रोजचा अहवाल कोणत्या पत्त्यावर धाडायचा. पत्र घेणारी मोठमोठी यंत्रं तो अहवाल फुकट पाठवतात. रोज.

यात न बसणारं पत्र तर अडतंच. पण जे बसतं तेही आता सरळ आत जात नाही, कारण दरवान एकमेकांशी बोलतात. एका पत्त्यावरून आलेली चार पत्रं चार ठिकाणी खोटी ठरली की त्या पत्त्याची पत सगळीकडे उतरते. आणि पत उतरल्याचं कुणी तुम्हाला कळवत नाही. कळवलं तर भामटा सावध होईल ना! पत्र दारात घेतलं जातं, 'पोचलं' म्हणून तुम्हाला पावती मिळते आणि आतल्या आत ते कचऱ्यात जातं.

कारखान्यात परत येऊन मी अहवालांचा पत्ता शोधला. तो बापटकाकांच्या नावावर होता. बापटकाका दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन मुलाकडे बडोद्याला गेले होते. पेटी उघडली. न वाचलेले अहवाल: चार हजार तीनशे अकरा.

मार्चपासूनच्या प्रत्येक अहवालात ते चक्क लिहिलेलं होतं. आमच्या यंत्रावरून दिवसाला साठ-सत्तर पत्रं, आणि दुसऱ्या एका यंत्रावरून नऊ हजार. तपासणीत उत्तीर्ण, कारण ते दुसरं यंत्र आमच्याच यादीत होतं. आम्हीच त्याला मुभा दिली होती. यंत्राचं नाव मी दोनदा वाचलं.

मंगलपत्र.

तीन वर्षांपूर्वी माझं लग्न झालं. अण्णांचा हट्ट असा की डॉक्टर, दुकानदार, वायसरवाले, ट्रकवाले, झाडून सगळ्यांना पत्रिका गेली पाहिजे, आणि ती कारखान्याच्या पत्त्यावरून गेली पाहिजे. "परक्या पत्त्यावरून बोलावणं गेलं की लोकांना वाटतं उरकून टाकलंय. एक जण राहिला तर जन्मभर रुसून बसेल." अकरा हजार नावं झाली. आमच्या यंत्राला ती झेपेनात, म्हणून मंगलपत्र नावाची पत्रिका धाडणारी कंपनी गाठली आणि तिला आमच्या नावाने पाठवायची मुभा दिली. यादीत एक ओळ वाढवली. कुणी? मीच. हळद लागायच्या आदल्या दिवशी, मेंदी वाळायच्या आत, एका बोटाने. नंतर मंगलपत्र बुडाली, तिची यंत्रं कुणीतरी विकत घेतली आणि माझी ओळ जिथे होती तिथेच राहिली.

ती मी खोडली. चाळीस सेकंद लागले. पण पत चाळीस सेकंदांत परत येत नाही, तिला महिनेही लागतात. माझ्या खासगी फोनवरून मी पोलिसांना, तीन इस्पितळांना, सरकारी मदतकक्षाला फोन केले. सगळीकडे दरवान. 'तांबटांचा पंप सदोष आहे' हे वाक्यच आता भामट्यांचं म्हणून नोंदलं गेलं होतं. मग ते कुणाच्याही तोंडून येवो. मी कितीही खरं बोलले तरी ऐकणाऱ्याला ते ठाऊक असलेलं खोटंच वाटणार होतं. मी टेबलावर हात आपटला आणि रडले, मग तोंड धुऊन अण्णांच्या खोलीत गेले.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे कारखान्यातल्या माणसांनी दारोदार जाऊन सांगायचं, की आमचा माल खोटा आहे?"

"हो."

"चार पिढ्यांत तांबटांच्या भांड्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, सुमे."

"अण्णा, ओळ मी घातली होती. बोट माझ्याकडे दाखवा, पण आत्ता उठा."

 मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी किल्ल्या उचलल्या. "मालेगाव-धुळं माझ्याकडे दे. बाकी पोरांना वाटून टाक."

एकतीस माणसं होतो आम्ही. ज्याला जे मिळालं ते वाहन घेऊन सगळे निघाले. आकड्यांवरून बहुतेक पंप घरात, पंख्याखाली असावेत. काल दुपारी चाळिशी ओलांडलेले बारा होते आणि त्यांतला सगळ्यांत तापलेला १८७ भुसावळचा होता. वामन भोळे, वय अठ्ठावन्न, धंदा आचारी. मेमधला आचारी म्हणजे लग्नाचा स्वयंपाक, म्हणजे भट्टी. भुसावळ मी घेतलं.

सव्वाआठला निघाले. चांदवडला १८७ सदतीसवर होता. धुळ्याच्या पुढे रस्ता भाजून निघत होता आणि फोनवर आकडा चढत होता, एकोणचाळीस, मग साडेएकोणचाळीस. पारोळ्याच्या आसपास तो थोडा उतरला. वामनराव सावलीत जेवायला बसले असतील, या कल्पनेने मी गाडीत एकटीच मोठ्याने 'बसा, बसा' म्हणाले. जळगाव सोडताना तो एक्केचाळीस पूर्णांक दोन होता.

भोळ्यांचं घर रेल्वे वसाहतीच्या मागे होतं. एक वाजला होता. दाराला साखळी लावूनच एका बाईंनी फटीतून पाहिलं.

"भोळेकाकू ना? मी सुमेधा तांबट. नाशिकहून आले. पंपाच्या कारखान्यातून."

दार लागायला लागलं. मी हात मध्ये घातला. लागलं चांगलंच, पण काढला नाही.

"हात काढा," बाई म्हणाल्या. "पोलिसाला बोलावते. तुमच्याच कागदानं मार्चमधी आमचा मानूस मेला असता. पंप काढा म्हने, खाली दाबा म्हने. काढला त्यानं. तीन दिवस दवाखान्यात होता, शुद्धीत नव्हता."

हे मला माहीत नव्हतं. कुठल्याच अहवालात ते नव्हतं. 

"काकू, ते पत्र आमचं नव्हतं. पण आमच्या नावाने आलं, कारण दार मी उघडं टाकलं होतं. चूक माझी. माफी नंतर मागते. आत्ता काका कुठे आहेत?"

"तुमाले काहून सांगू?"

"नका सांगू. मी पत्ता विचारत नाही. कुठे दाबा म्हणत नाही, पंप काढा म्हणत नाही. तुम्हीच जा, नाहीतर तिथल्या कुणाला तरी फोन करा. पंपावर ओलं फडकं गुंडाळायला सांगा आणि भट्टीपासून लांब बसायला सांगा. बास."

"एवढंच?"

"एवढंच."

"कागदावर सही? कुठला नंबर?"

"काही नाही."

कुसुमकाकू (नाव मला नंतर कळलं) साखळी न काढता आतून फोन घेऊन आल्या. त्यांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. भट्टीवरचा माणूस कुठला फोन उचलतोय! माझ्या फोनवर आकडा बेचाळीस पूर्णांक चार झाला. मी तो फोन फटीतून त्यांच्यापुढे धरला. साखळी निघाली. काकू पर्स घेऊन बाहेर आल्या, कुलूप लावलं आणि माझ्या गाडीत बसल्या.

"साकेगावाकडे घ्या. रस्त्यात गाडी कुठं थांबवली तर मी ओरडन," त्या म्हणाल्या.

वाटेत त्या पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या होत्या.

मांडव मोठा होता. दारात अत्तर लावणाऱ्या पोरीने आम्हाला 'या, या' केलं. कुणीही नाव विचारलं नाही. सकाळपासून दरवानांपुढे डोकं आपटून घेतलेल्या मला त्या 'या, या'ने भडभडून आलं. मांडवामागे कनातीआड स्वयंपाक होता. तीन भट्ट्या, कढईत तळणाऱ्या बट्ट्या, घोटून ठेवलेली वांग्याची भाजी, पलीकडे जिलबीचा घाणा. मध्यभागी पंचा बांधलेला धिप्पाड माणूस उभा होता. अंगावरून घामाच्या धारा वाहत होत्या आणि मोठ्या झाऱ्याने तो रिकाम्या परातीत काहीतरी हलवत होता. रिकाम्या परातीत.

"आहो," काकूंनी हाक मारली.

वामनरावांनी वळून पाहिलं. ओळख पटल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं नाही. "वरनात मीठ कोनी टाकलं? मी नाही टाकलं," ते म्हणाले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले.

"सकायपासून ऊन लागलंय त्याह्यले," एक वाढपी म्हणाला.

पंप चव्वेचाळीसवर होता. टाकीतला साठा सकाळच्या निम्म्यावर आला होता. हे ऊन नव्हतं.

"काकू, साखर उतरलीय त्यांची. आधी पंपाच्या नळीची चिमटी बंद करा, आणि हा पाक, जिलबीचा पाक पाजा. वाटीभर. लगेच."

काकू जागच्या जागी थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मार्च महिना परत आलेला मला दिसला. मधुमेहाच्या माणसाला साखरेचा पाक पाजा, असं सांगणारी बाई, त्या कारखान्याची. मी नाशिकहून निघताना ठरवलं होतं की काही मागायचं नाही. आता नवऱ्याच्या जिवावर बेतेल असंच काही मागत होते. पाकाच्या पातेल्याकडे मी धावले तर त्यांनी माझं मनगट पकडलं. केवढी ताकद होती त्या हातात!

"हात लावू नका त्याह्यले."

वामनराव गुडघ्यावर बसले. झारा खडखडत फरशीवर पडला.

मी थांबले. त्या क्षणी मला कळलं, मी जितकी घाई करीन तितकी त्या पत्रांसारखी दिसेन. मी दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "बरं. नाही लावत. तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा."

काकूंनी पर्स उघडली. आतून एक जुनं, कडा झिजलेलं साखर मोजायचं यंत्र निघालं. असलं यंत्र पंप आल्यापासून कुणी वापरत नाही, आमचीच जाहिरात तसं सांगते. त्यांनी नवऱ्याचं बोट धरलं, टोचलं, पट्टीवर थेंब घेतला. पाच सेकंद मोजावे लागतात. वाढपी, जिलबीवाला, मी, सगळे त्या एवढ्याशा काचेकडे बघत होतो.

एकोणचाळीस.

मग काकूंनी क्षणभर घालवला नाही. चिमटी आवळली, वाटी पाकात बुडवली, नवऱ्याची मान मांडीवर घेतली आणि घोटाघोटाने पाक पाजला. अर्धा त्यांच्या लुगड्यावर सांडला. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं. अठ्ठावन्न. आणखी वाटीभर. मग ब्याण्णव. वामनरावांनी डोळे उघडून आधी बायकोकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ही कोन? पाहुनी जेवली का?"

मी कनातीला टेकून खाली बसले आणि ढसाढसा रडले. जिलबीवाल्याने मला पाणी आणून दिलं.

फोनवर अजून अकरा पंप चाळिशीच्या वर होते आणि आमची माणसं रस्त्यात होती. मी ते काकूंना सांगितलं. त्यांच्याकडे जिल्ह्यातल्या पंपवाल्यांचा गट होता, मार्चमध्ये फसलेल्यांनीच एकमेकांना धरून बनवलेला. त्यांनी फोन तोंडाशी धरला.

"तुमचं नाव नाही घेनार," त्या मला म्हणाल्या. मग गटाला सांगितलं, "मी कुसुम भोळे. कमरेचं यंत्र तापलं असंल तर ओलं फडकं बांधा आनि सावलीत बसा. ओळखीच्या सगळ्याह्यले सांगा. आमचे हे आत्ता वाचले. काही दाबू नका, काही काढू नका. आनि बोट टोचून पाहा."

कुठल्याही दरवानाने ते अडवलं नाही. दहा मिनिटांत पहिला आकडा खाली आला, मग दुसरा. पाऊण तासात अकरापैकी नऊ चाळिशीच्या आत होते. उरलेल्या दोघांपाशी अण्णा आणि आमचा एक माणूस पोचले होते. त्या नऊ पंपांत कारखान्याच्या शब्दावर थंड झालेला एकही नव्हता.

जाताना मी काकूंपुढे हात जोडले. "तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात," असं काहीतरी मी म्हणाले.

"तुमच्यावर कुठं?" काकू म्हणाल्या. त्या ते यंत्र पदराने पुसून पर्समध्ये ठेवत होत्या. "आकडा दिसला म्हनून पाजला. मार्चपासून मी रोज बघते, सकाळ-संध्याकाळ. पंप बरा असला तरी बघते." त्यांनी पर्सची चेन लावली. "तुमच्या कारखान्यात नव्हतं का हो असं काही? रोज बघायचं?"

"होतं, काकू," मी म्हणाले. "रोज येत होतं."